‘शकतो’चं इंग्रजी कसं करायचं: कॅन, कुड, मे आणि माइट

मराठीतलं ‘शकणे’ तीन कामं करतं. ‘ती पोहू शकते’ यात कुवत आहे, ‘उद्या पाऊस पडू शकतो’ यात शक्यता आहे आणि ‘तुम्ही आता जाऊ शकता’ यात परवानगी. तिन्ही ठिकाणी ‘कॅन’ ठोकून दिलं तर पहिलं आणि तिसरं वाक्य निभावतं, मधलं फसतं.

१. आधी ‘शकतो’ काढून वाक्य पुन्हा म्हणा

‘तिला पोहता येतं’ असं म्हणता आलं तर ती कुवत. ‘कदाचित पाऊस पडेल’ असं झालं तर शक्यता. ‘जा, हरकत नाही’ असा अर्थ निघाला तर परवानगी. इंग्रजी शब्द निवडण्याआधी एवढं ठरवून टाका. बहुतेक चुका इथेच टळतात.

२. सांगाडा पक्का करा

या सहाय्यक क्रियापदांनंतर मूळ क्रियापद कोरडंच येतं. त्याला ‘टू’, ‘एस’ किंवा ‘आयएनजी’ यांपैकी काहीही लागत नाही. ‘शी कॅन स्विम’ बरोबर; ‘शी कॅन स्विम्स’ आणि ‘शी कॅन टू स्विम’ चूक. प्रश्नात ‘डू’ला बोलवायचं नाही, नुसती जागांची अदलाबदल करायची: ‘कॅन शी स्विम?’ आणि दोन सहाय्यकं शेजारी बसत नाहीत. त्यामुळे ‘विल कॅन’ होत नाही, ‘विल बी एबल टू’ होतं. मात्र उद्याचा बेत आजच ठरवत असाल तर साधं ‘आय कॅन कम टुमॉरो’ चालतं. ‘विल बी एबल टू’ हवं असतं ते आज नसलेली कुवत पुढे येणार असेल तेव्हा.

३. भूतकाळातली कुवत: ‘यायचं’ की ‘जमलं’?

‘कॅन’चा भूतकाळ ‘कुड’ एवढंच पाठ केलं की इथे ठेच लागते. ‘लहानपणी त्याला झाडावर चढता यायचं’ ही कायमची कुवत, म्हणून ‘ही कुड क्लाइम ट्रीज’. पण ‘दार अडकलं होतं, तरी शेवटी उघडायला जमलं’ ही एकाच वेळी साधलेली गोष्ट. तिथे ‘आय कुड ओपन द डोर’ म्हटलं तर दार उघडलं की नुसतं उघडता आलं असतं, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणा: ‘आय वॉज एबल टू ओपन द डोर’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू ओपन इट’. मराठीत ‘जमलं’ बसतंय का, हे पाहिलं की निवड चुकत नाही.

नकारात हा भेद उरत नाही. ‘जमलं नाही’ला ‘कुडन्ट’ बिनधास्त वापरा. दिसणं, ऐकू येणं, वास येणं यांनाही सूट आहे: एकदाच ऐकू आलं तरी ‘आय कुड हिअर इट’ बरोबर. फोनवर ‘मला ऐकू येतंय’चं ‘आय अॅम हिअरिंग यू’ करू नका. ‘आय कॅन हिअर यू’ म्हणा.

४. शक्यता

उद्याच्या एखाद्या ठरावीक गोष्टीबद्दल अंदाज असेल तर ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’: ‘इट माइट रेन टुमॉरो’. ‘माइट’मध्ये खात्री किंचित कमी असते, पण रोजच्या बोलण्यात हा फरक कुणी मोजत बसत नाही. होकारार्थी ‘कॅन’ इथे बसत नाही. ते येतं ‘असं कधीकधी होतं’ या अर्थी: ‘जुन्या शिड्या धोकादायक असू शकतात’ म्हणजे ‘ओल्ड लॅडर्स कॅन बी डेंजरस’.

खरी गंमत नकारात आहे. ‘किल्ली गाडीत कदाचित नसेल’ म्हणजे ‘द की मे नॉट बी इन द कार’. ‘किल्ली गाडीत असूच शकत नाही’ म्हणजे ‘द की कान्ट बी इन द कार’. पहिलं ऐकून माणूस गाडीत एकदा बघून येईल, दुसरं ऐकून बघणार नाही. ‘कुडन्ट बी’ही ‘कान्ट बी’च्याच बाजूचं आहे, ‘कदाचित नसेल’साठी ते वापरू नका.

घडून गेलेल्या गोष्टीसाठी पुढे ‘हॅव’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. ‘तिची बस चुकली असेल’: ‘शी मे हॅव मिस्ड द बस’; ‘माइट’ही चालेल. ‘तू पडला असतास’, म्हणजे पडला नाहीस: ‘यू कुड हॅव फॉलन’. इथे ‘मे’ घेऊ नका, पडलास की नाही याचाच संशय तयार होतो.

लिहिताना आणखी एक: ‘मेबी’ जोडून लिहिलं तर ‘कदाचित’, ‘मे बी’ तोडून लिहिलं तर ‘असेल’.

५. परवानगी

‘आत येऊ का?’साठी ‘कॅन आय कम इन?’ रोजचं, ‘कुड आय’ जास्त नम्र, ‘मे आय’ औपचारिक. ‘कॅन आय’ उद्धट आहे हा समज सोडून द्या. उत्तर देताना मात्र ‘येस, यू कुड’ म्हणू नका. विचारणाऱ्याने ‘कुड’ वापरलं तरी देणाऱ्याने ‘कॅन’ किंवा ‘मे’ म्हणायचं. ‘काल मला लवकर जाऊ दिलं’ अशा एका वेळच्या परवानगीला ‘आय वॉज अलाउड टू लीव्ह अर्ली’.

६. उच्चार तपासा

होकारार्थी वाक्यात ‘कॅन’वर जोर नसतो, ते जवळजवळ ‘कन’ असं पुटपुटलं जातं आणि जोर पुढच्या क्रियापदावर पडतो: ‘आय कन कम’. ‘कान्ट’वर मात्र जोर असतो. अमेरिकी उच्चारात तो ‘कॅन्ट’ होतो आणि शेवटचा ‘ट’ बऱ्याचदा ऐकूच येत नाही. म्हणून तुम्ही ‘आय कॅऽन कम’ असं ठासून म्हणालात, तर समोरचा तुम्ही येत नाही असं समजून मोकळा होतो. मोठ्याने दहा वेळा म्हणून बघा, जोर ‘कम’वर. तरीही शंका वाटली तर ‘येस, आय कॅन’ असं वेगळं उत्तर द्या. वाक्याच्या शेवटी आलेल्या ‘कॅन’चा उच्चार पूर्ण होतो, तिथे घोळ होत नाही.