पानावर कालचीच तारीख दिसतेय?
संत्र्यांच्या भावाचं स्वतःचं छोटं वेबपान पीएचपीत (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेत) करताय? मग तारीख रोज हाताने बदलू नका, ते काम सर्व्हरला करू द्या. एक मात्र बघा: वेगळं सांगितलं नसेल तर पीएचपी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. पहाटे ५ वाजता नागपूरच्या कळमना मार्केटला निघालेल्याला पानावर कालची तारीख दिसेल आणि आजचा ताजा भावही तो शिळा समजेल. म्हणून स्क्रिप्टच्या अगदी सुरुवातीलाच टाइमझोन 'एशिया/कोलकाता' (इंग्रजीत Asia/Kolkata) करा. 'नागपूर' असं नाव पीएचपीच्या टाइमझोनच्या यादीत नाही. तपासताना फाइल नुसती डबल-क्लिक करून उघडू नका, तशी स्क्रिप्ट चालतच नाही, ती सर्व्हरमार्फतच उघडावी लागते. आणि हो, फाइलला ६४४ परवानगी (मालकाला बदलता येते, बाकीच्यांना फक्त वाचता येते) सहसा पुरते. ७७७ (कुणालाही फाइल बदलता येते) अजिबात देऊ नका.