यादीत नाव नव्हतं

परीक्षेच्या हॉलवर मी अर्धा तास आधीच पोचले होते. पेनं, साधा कॅल्क्युलेटर, विद्यार्थी ओळखपत्र, सगळं जागच्या जागी. दारातल्या सहायकाने यादीवरून दोनदा बोट फिरवलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "तुमचं नाव यात नाही." त्या विषयाचा एकही तास मी चुकवला नव्हता. पण जर्मनीत तासाला बसणं वेगळं आणि परीक्षेला बसणं वेगळं. परीक्षेसाठी पोर्टलवर स्वतंत्र नोंदणी करावी लागते, तिला मुदत असते, आणि ती टळून दीड महिना झाला होता. मला कुणी आठवण कशी करून दिली नाही, असं मी त्याला विचारलंही. तो गोंधळला. प्रश्नच त्याला कळला नाही.

मास्टर्सला येणारी मुलं फोनवर थंडीबद्दल विचारतात, एकटेपणाबद्दल विचारतात. थंडीवर जाकीट मिळतं. एकटेपणावर औषध नाही, पण तो हळूहळू ओसरतो. मला सगळ्यात महागात पडलं ते हे, की इथे तुमच्या मागे कुणी लागत नाही. बहुतेक विषयांना हजेरी नसते. अधेमधे चाचण्या नसतात. गृहपाठ दिला तर दिला, तुम्ही केला नाही तर प्राध्यापक भुवईही उंचावत नाहीत. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीत परीक्षा येईपर्यंत सगळं सुरळीत चाललंय असंच वाटत राहतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. भारतातून येणाऱ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. आपल्या पदव्या आणि गुणपत्रिका खऱ्या आहेत ना, याची ती पडताळणी असते. प्रवेशाचं पत्र येईपर्यंत त्यासाठी थांबू नका. दुसरं ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं आणि दरमहा ठरावीक रक्कमच देणारं खातं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. हा आकडा दर काही वर्षांनी वाढतो, तेव्हा अर्जाच्या वेळचा बघून घ्या.

"तिकडे शिक्षण फुकट" हे बरंचसं खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवणीची फी घेत नाहीत, फक्त सेमिस्टरची वर्गणी भरावी लागते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, आणि म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून अशांना फी लावली आहे. शिवाय फुकट शिक्षणातला पहिला महिना भलताच महाग असतो. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे तुम्ही विमानातून उतरल्याबरोबर हातात पडत नाहीत. आधी इथलं चालू खातं उघडायचं, मग दरमहाचा हप्ता सुरू होतो. घरमालक मात्र किल्ली देण्याआधी अनामत मागतो, आणि कायद्याने ती तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असू शकते. हा खर्च वेगळा हाताशी ठेवा. मी ठेवला नव्हता. पहिले तीन आठवडे उसनवारीवर निघाले.

भाड्याचं गणितही नीट वाचा. जाहिरातीत 'काल्टमीटे' लिहिलं असेल तर ते नुसत्या खोलीचं भाडं. हीटिंग, पाणी वगैरे धरून होतं ते 'वार्ममीटे'. त्यातही वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळंच असतं. विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी मोठ्या शहरांत कित्येक महिन्यांची असते, म्हणून प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी अर्ज टाका आणि मग विसरून दुसरीकडे शोधा. मला खोली मिळाली ती तिघांच्या सामायिक घरात, म्हणजे इथल्या भाषेत 'वेगे'मध्ये. त्यासाठी मुलाखत द्यावी लागते! स्वयंपाकघरात बसवून चार प्रश्न विचारतात: सकाळी कधी उठतेस, भांडी कधी घासतेस, पार्ट्या चालतात का. माझ्या दहापैकी नऊ मुलाखती फुकट गेल्या. आणि "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने येईल" म्हणणारा मालक भेटला तर तिथेच थांबा. तो भेटतोच.

खोली मिळाली की दोन आठवड्यांच्या आत महापालिकेत पत्त्याची नोंद करायची, तीच अनमेल्डुंग. त्यासाठी घरमालकाची सही असलेलं एक पानी पत्र लागतं. भाडेकरार दाखवून चालत नाही. करार करतानाच ते पत्र मागून घ्या, कारण नंतर मालक सुट्टीवर जातो. आणि कुठल्याही यादीत नसलेली एक गोष्ट: खाली टपालपेटीवर आपल्या आडनावाची पट्टी लावा. इथे पत्त्यात सहसा खोलीचा क्रमांक नसतो, पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो. नाव दिसलं नाही तर पत्र परत. बँकेच्या कार्डाचा पिन, विम्याचं कार्ड, कराचा क्रमांक हे सगळं कागदावर, टपालाने येतं. माझा पिन दोनदा परत गेला आणि मी बँकेला शिव्या घालत बसले. शेवटी वेगेतल्या मुलीने मला जिन्याखाली नेऊन पेटी दाखवली. तिथे अजून माझ्या आधीच्या मुलाचं नाव होतं.

आता अभ्यासाकडे. सहा क्रेडिटच्या विषयाला कागदावर १८० तास धरलेले असतात, एका क्रेडिटला तीस या हिशेबाने. त्यातले वर्गातले तास असतात साठाच्या आसपास. उरलेले शंभराहून जास्त तास तुमचे तुम्ही शोधायचे. हे गणित मला पहिल्या दिवशी कुणी मांडून दाखवलं असतं तर मी आठ विषयांच्या स्वप्नात रमले नसते. सेमिस्टरला तीस क्रेडिट हा आदर्श आहे. परकी भाषा, खोलीची शोधाशोध आणि नोकरी सांभाळून पहिल्या सेमिस्टरला वीस-बावीस झाले तरी छान समजा. आसपासच्या जर्मन मुलांनाही दोन वर्षांच्या पदवीला बरेचदा अडीच-तीन वर्षं लागतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. व्हिसाच्या मुदतीमुळे आपल्याला वाटावं लागतं, एवढाच फरक.

गुण उलटे असतात. १.० सर्वोत्तम, ४.० ला काठावर पास, ५.० म्हणजे नापास. एका परीक्षेला बहुतेक ठिकाणी तीन प्रयत्न मिळतात. तिसऱ्यातही गेलात तर तो अभ्यासक्रम तिथे संपतो, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे घेणंही बहुधा बंद होतं. 'बॅकलॉग काढू नंतर' ही सवय विमानतळावरच सोडून या. नोंदणी जशी स्वतःहून करायची तशी, तयारी नसेल तर ती मुदतीत मागेही घेता येते. त्याने प्रयत्न वाया जात नाही. आपल्या अभ्यासक्रमाची परीक्षा-नियमावली जर्मन भाषेत आणि कंटाळवाणी असते. तरी पहिल्याच आठवड्यात वाचा, भाषांतराचं ॲप लावून वाचा.

हुकलेली ती परीक्षा मी पुढच्या संधीला दिली आणि ४.० मिळाले. मग वर्गातल्या एकाने आइनझिश्टबद्दल सांगितलं. निकालानंतर एका ठरलेल्या दिवशी तपासलेला पेपर बघता येतो. मला वाटायचं, तिथे जाणं म्हणजे प्राध्यापकांवर अविश्वास दाखवणं. गेले तर खोली मुलांनी भरलेली. माझ्या शेवटच्या पानावरचं उत्तर मोजायचं राहून गेलं होतं. सहायकाने पाहिलं, "बरोबर आहे" म्हणाला, गुण वाढवले. ३.७ झाले. वाद नाही, विनवणी नाही. तेव्हापासून मी एकही आइनझिश्ट सोडली नाही. पुढे काही वाढलं नाही, पण चुकतो कुठे ते कळतं.

नोकरीचा नियम मार्च २०२४ मध्ये सैल झाला: वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. विद्यापीठातलं हिवीचं, म्हणजे विद्यार्थी सहायकाचं काम त्यात धरत नाहीत, शिवाय त्यात प्राध्यापकांची ओळख होते, म्हणून आधी ते बघा. कंपनीत वेर्कश्टुडंट, म्हणजे शिकता शिकता नोकरी करणारा विद्यार्थी, म्हणून काम केलं तर शिकवणीच्या काळात आठवड्याला वीस तासांची मर्यादा असते. आणि जर्मन शिका. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी मुलाखत, डॉक्टर, महापालिका हे सगळं जर्मनमध्येच चालतं. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. माझ्या ओळखीतल्या ज्यांची भाषा कच्ची राहिली त्यांना ते फार कमी वाटले.

मी मागच्या महिन्यात ती खोली सोडली. नव्या मुलीला किल्ली दिली, मालकाच्या सहीचं पत्र दिलं, खाली नेऊन तिच्या आडनावाची पट्टी पेटीवर चिकटवली. माझी मात्र अजून काढू नकोस म्हणून सांगितलंय. करखात्याचं एक पत्र यायचं बाकी आहे.