गरोदरपणात अचानक बीपी वाढलं? या चुका टाळा

तेहतिसाव्या आठवड्यात माझं बीपी १५०/१०० आलं, तेव्हा मी नर्सला लगेच म्हणाले, "जिना चढून आलेय ना, म्हणून असेल." तिने पंधरा मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं. १५२/१००. लघवीत प्रथिनं निघाली आणि त्या दुपारी मी घरी गेलेच नाही. आदल्या दोन दिवसांची डोकेदुखी मी पित्तावर ढकलली होती, घट्ट झालेली अंगठी उन्हाळ्यावर. तोवरचे सगळे रिपोर्ट चांगले होते, घरात कुणाला बीपी नव्हतं, मग मला कशाला काही होईल?

या आजाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर जातं आणि सोबत लघवीत प्रथिनं जातात, किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट्स यांवर परिणाम दिसतो. मूळ बहुतेकदा वारेत, म्हणजे प्लासेंटात असतं: तिला रक्त पुरवणाऱ्या नसा हव्या तशा रुंदावत नाहीत. तुम्ही काय खाल्लं, किती विचार केला, यामुळे हे होत नाही. हे आधीच सांगते, कारण पहिले आठ दिवस मी स्वतःलाच दोष देण्यात घालवले.

"होतंच असं या दिवसांत" म्हणून अंगावर काढणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. पावलांवर थोडी सूज बहुतेकींना येते. पण चेहरा आणि हात एकाएकी सुजले, गोळी घेऊनही डोकं थांबेना, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा धूसर दिसू लागलं, उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खालच्या खळग्यात दुखू लागलं, धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बरगडीखालचं दुखणं हमखास गॅस समजलं जातं. खरं तर ती यकृताची तक्रार असू शकते. बाळाची हालचाल कमी वाटली तरी सकाळची वाट पाहू नका. आणि काहीच त्रास नसताना बीपी वाढलेलं असू शकतं, म्हणून बरं वाटतंय म्हणून तपासणी चुकवू नका. सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी असते, आशाताई तारीख सांगतात.

बीपी कसंही मोजणं

चालून आल्या आल्या, बोलता बोलता, पाय लोंबकळत ठेवून घेतलेला आकडा फसवतो. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पावलं जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर टेकलेला. दंड भरलेला असेल आणि पट्टा लहान असेल, तर आकडा खोटाच जास्त येतो. मनगटावरच्या यंत्रापेक्षा दंडाचं घ्या. वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहा. नको वाटणारा आकडाही लिहा. १६०/११० आला तर वही बंद करून निघायचं. महाराष्ट्रात १०८ला फोन केला की रुग्णवाहिका मिळते.

घरातली दुसऱ्याची गोळी घेणं

सासऱ्यांची बीपीची गोळी घरात असतेच. ती घेऊ नका. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशी औषधं गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. तुम्हाला आधीपासून बीपी असेल आणि यातली एखादी चालू असेल, तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. गरोदरपणात लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा ही औषधं वापरतात. आणि आकडा खाली आला म्हणून आपल्या मनाने गोळी थांबवू नका. गोळी बीपी आवरते, आजार आतमध्ये चालूच असतो.

मीठ पूर्ण तोडणं आणि दिवसभर अंथरुणाला खिळून राहणं, हे दोन्ही सल्ले मला शेजारून मिळाले. अळणी जेवणाने हा आजार आटोक्यात येत नाही. सतत पडून राहिल्याने तर पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते.

फाइल न घेता माहेरी जाणं

सातव्या-आठव्या महिन्यात आपल्याकडे दवाखाना बदलतो. नव्या डॉक्टरांना तुमचं पहिल्या तिमाहीतलं बीपी माहीत नसतं. माता व बाल संरक्षण कार्ड, रक्त-लघवीचे सगळे रिपोर्ट, सोनोग्राफी आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत हवीच. बीपी वाढलेलं असताना तर जायचं की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारा.

"आठव्यातलं बाळ जगत नाही" म्हणून अडून बसणं

सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही, ही समजूत अजून घराघरांत आहे. ती चूक आहे. दिवस जितके जास्त भरतात तितकी बाळाची तयारी जास्त होते. पण आजार बळावला तर पोटात ठेवणंच दोघांना धोक्याचं ठरतं, कारण वार बाहेर पडल्याशिवाय तो हटत नाही. माझ्या प्लेटलेट्स उतरू लागल्या आणि ३५व्या आठवड्यात सिझर झालं. त्याआधी बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली होती. आई सहीला तयार नव्हती. डॉक्टरांनी तिला खुर्ची देऊन सगळं समजावलं, तेव्हा ती तयार झाली. घरच्यांना अशा वेळी डॉक्टरांसमोर बसवा, निरोपावर ठेवू नका.

झटका आल्यावर कांदा हुंगवणं

या आजारात फिटचा झटकाही येऊ शकतो. तेव्हा कांदा, चप्पल, तोंडात चमचा, यातलं काहीही नको. झटका आलेल्या बाईला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू दूर करा, १०८ बोलवा. रुग्णालयात मॅग्नेशियम सल्फेट देतात. झटका थांबवायला आणि पुन्हा येऊ नये म्हणून तेच औषध आहे.

बाळ झालं, संपलं असं समजणं

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढू शकतं, म्हणजे नेमकं घरी सोडल्यावर, बारशाची तयारी चालू असताना. झटका तेव्हाही येऊ शकतो. सहा आठवड्यांपर्यंत डोकेदुखीला जागरणाचं नाव देऊ नका. वही चालू ठेवा, ठरलेल्या तारखेला दाखवा. पुढे आयुष्यात बीपी आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला राहतो, म्हणून वर्षातून एकदा तरी बीपी बघायचं. पुढच्या खेपेस दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत हे सगळं सांगा. अशा बाईला डॉक्टर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देतात आणि तिचा जास्तीत जास्त उपयोग व्हायचा तर ती शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हावी.