आजोबांचे नाव वागवताना: पिढीशी न जुळणाऱ्या नावाविषयी काही सूचना

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या एखाद्या प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर आरव, विहान, अन्वी, स्वरा अशी नावे ओळीने येत असताना मध्येच एखादा विश्राम किंवा एखादी द्वारका आली, की सगळा वर्ग वळून पाहतो. हाच विश्राम पुढे मुंबईत नोकरीच्या मुलाखतीला जातो, तेव्हा नाव वाचून समोरच्यांनी पन्नाशीतल्या गृहस्थाची कल्पना केलेली असते आणि दारातून पंचविशीचा तरुण आत येतो. नाव आणि वय यांच्यातल्या या अंतराचा त्रास थोडा थोडा, पण रोज होतो. त्यामुळे तो कोणी गांभीर्याने घेत नाही. असे नाव ज्यांना मिळाले आहे आणि जे आपल्या मुलाला ते देऊ पाहत आहेत, त्या दोघांसाठीही या सूचना आहेत.

सर्वांत आधी आपले नाव कुठून आले, ते विचारून घ्यावे. कोकणात जुने नाव बहुधा सहज सुचले म्हणून ठेवलेले नसते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल अनेक घरांत आहे, आणि आजोबा वारल्यावर वर्षभरात मुलगा झाला तर दुसऱ्या नावाचा विचारही होत नाही. काही नावे ग्रामदेवतेची किंवा कुलदैवताची असतात, जसे रवळनाथ, केशव किंवा रामेश्वर, आणि त्यामागे एखादा नवस असतो. भिकाजी, धोंडू, दगडू या नावांचे कारण आणखी वेगळे आहे. आधीची मुले दगावलेल्या घरात नव्या बाळावर कोणाची दृष्ट पडू नये, मृत्यूचेही लक्ष जाऊ नये, म्हणून मुद्दाम अशी ओबडधोबड नावे ठेवली जात. ज्याला आपले नाव कमीपणाचे वाटत होते, त्याला ते आपल्या पणजोबांना जगवण्यासाठी ठेवले गेले होते हे कळले, की त्या नावाकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलते. ही माहिती आत्याकडे हमखास मिळते, कारण बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान तिचा असतो आणि नाव ठरताना झालेली घरातली चर्चा तिच्या लक्षात असते. गणपतीत किंवा शिमग्याला मुंबईकर मंडळी गावच्या घरी जमतात, तेव्हा निवांतपणे विचारावे. ज्यांचे नाव आपल्याला मिळाले ते काय काम करीत, कुठे राहत, त्यांना घरात काय म्हणत, हेही तेव्हाच लिहून घ्यावे.

त्यांना घरात काय म्हणत, हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. सुनेने सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, असा दंडक पूर्वी होता. मग तिच्याच मुलाला सासऱ्याचे नाव ठेवल्यावर ती त्याला हाक कशी मारणार? म्हणून पत्रिकेवर जनार्दन असलेला मुलगा घरात बाबू, बाळा, भाई किंवा आबा होई आणि गावभर त्याच नावाने ओळखला जाई. लोकमान्य टिळकांचे मूळ नाव केशव होते. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या या मुलाचे घरातले ‘बाळ’ हे नावच पुढे देशाने स्वीकारले. म्हणजे कागदावरचे नाव एक आणि हाकेचे नाव दुसरे, ही आजच्या मुलांनी काढलेली पळवाट नसून आपल्याकडची जुनी, घरंदाज सोय आहे. ती वापरताना संकोच बाळगू नये.

मात्र हाकेचे नाव आपले आपण ठरवावे, आणि कॉलेजात जाण्यापूर्वी ठरवावे, कारण आपण ठरवले नाही तर वर्गातली मुले ठरवतात आणि ते मग वर्षानुवर्षे चिकटते. शक्यतो ते मूळ नावातूनच काढावे. दत्तारामचा दत्ता किंवा राम होतो, विश्वनाथचा विशू होतो, भागीरथीची भागू किंवा रथी होते. मूळ नावाशी काहीच संबंध नसलेले चकचकीत नवे नाव घेतले, तर बँकेत आणि दवाखान्यात मूळ नावाने पुकारा झाल्यावर बरोबरच्या माणसांना आश्चर्य वाटते आणि तोच खुलासा पुन्हा पुन्हा करावा लागतो. घरात एक, मित्रांत एक आणि कामाच्या ठिकाणी पूर्ण नाव, अशी वाटणी बहुतेकांना सोयीची पडते. ओळख करून देताना पूर्ण नाव स्पष्ट उच्चारात सांगावे आणि वाटल्यास एवढेच जोडावे, ‘माझ्या आजोबांचे नाव आहे.’ याहून अधिक स्पष्टीकरण देण्याची गरज नसते. नाव सांगतानाच आपण ओशाळलो, तर समोरच्याला हसण्याची मुभा मिळते.

शाळकरी मुलांच्या बाबतीत जबाबदारी मोठ्यांची आहे. मुलगा चिडवण्याची तक्रार घेऊन आला, तर त्याला थोरांची उदाहरणे ऐकवण्याआधी त्याचे सगळे ऐकून घ्यावे आणि वर्गशिक्षकांना भेटून हजेरी घेताना नाव नीट, पूर्ण घेण्याची विनंती करावी. शिक्षक एखादे नाव आदराने घेतात की हसत घेतात, यावर बरेच अवलंबून असते. त्यानंतर उदाहरणे जरूर सांगावीत, आणि ती दूरची नकोत. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ साली खेड तालुक्यातल्या शेरवली गावी झाला आणि १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. चिपळूणजवळ जन्मलेले पांडुरंग वामन काणे १९६३ साली भारतरत्न झाले. धोंडो आणि पांडुरंग ही दोन्ही नावे त्याच मातीतली आहेत, हे मुलाला समजू द्यावे.

घरातल्या मंडळींनीही एक पथ्य पाळायला हवे. आजोबांचे नाव मिळालेल्या मुलाला कौतुकाने ‘आमचे आबा आले’ म्हणणे गोड असते, पण तो हट्टी झाला की आजोबांचा हट्ट काढायचा, अभ्यासात मागे पडला की आजोबांच्या हुशारीचे दाखले द्यायचे, हे त्या मुलावर अन्याय करणारे आहे. त्याच्याकडे आजोबांचे फक्त नाव आले आहे, स्वभाव त्याचा स्वतःचा आहे.

आता कागदपत्रांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण कोकणात या नावांची खरी अडचण तिथे होते. आजोबा केशव गोविंद, त्यांचे पुत्र गोविंद केशव आणि नातू पुन्हा केशव गोविंद, असे एक पिढी सोडून नाव फिरत राहिले, की आजोबा आणि नातू यांचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अक्षरशः एकच होते. गावच्या जमिनीचा सातबारा काढावा, तर त्यावर चुलत्या-पुतण्यांच्या सामाईक नावांच्या रांगेत ‘केशव गोविंद’ दिसते. ते वारलेले आजोबा की हयात नातू, हे कागदावरून कळत नाही. वारसांपैकी निम्मे मुंबईत असल्याने मयताचे नाव वर्षानुवर्षे तसेच राहिलेले असते, आणि मग भावकीत नसते संशय निर्माण होतात. अशा घरांनी वारस नोंद लांबवू नये. मृत्यूचा दाखला आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठी कार्यालयात अर्ज करावा आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा स्वतः वाचून पाहावा. खरेदीखत, बक्षीसपत्र किंवा हक्कसोड लिहून घेताना नातवाच्या नावापुढे वय, जन्मतारीख आणि आईचे नाव घालण्याचा आग्रह धरावा, कारण आजोबांना आणि नातवाला वेगळे करणाऱ्या गोष्टी तेवढ्याच उरतात. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत महाराष्ट्रात बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरलेला आहे. फिरत्या नावांच्या घरांचा एक मोठा घोळ त्यामुळे पुढच्या पिढीत आपोआप सुटेल.

दुसरी काळजी रोमन लिपीतल्या स्पेलिंगची. जनार्दन, विश्राम, द्वारका ही नावे लिहिणारा प्रत्येक कारकून आपल्या पद्धतीने लिहितो. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, पॅन आणि पासपोर्ट यांवर एकच स्पेलिंग आहे ना, हे दहावीचा फॉर्म भरण्याआधी तपासावे. शाळेत असतानाच दुरुस्ती करून घेणे सोपे असते. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून तिथली दुरुस्ती घाईने करू नये. घरचे नावच एखाद्या जुन्या कागदावर चढले असेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून जवळ ठेवावे.

एवढे सगळे करूनही नाव आपले वाटत नसेल, तर ते बदलण्यात काही गैर नाही. त्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि त्या राजपत्राच्या आधारे बाकीचे कागद एकेक करून बदलावे लागतात. माझे मत असे, की निर्णय आधी घरात सांगावा आणि तो राजपत्रातून कोणाला कळू देऊ नये, विशेषतः ज्यांच्या वडिलांचे किंवा पतीचे ते नाव आहे त्यांना.

उलट बाजूची अडचणही असते. सत्तरीतल्या ऋचा किंवा ईशा नावाच्या बाईंनी फोन उचलला, की पलीकडचा माणूस ‘अगं’ म्हणून सुरुवात करतो किंवा ‘आईला दे’ म्हणतो. त्यांनी नावापुढे श्रीमती लावावे आणि पहिल्याच वाक्यात वय सांगावे. लग्नात तांदळात नवे नाव लिहून घेतलेल्या स्त्रियांकडे तर माहेरचे एका पिढीचे आणि सासरचे दुसऱ्या पिढीचे, अशी दोन नावे असतात. त्यांनी कागदोपत्री कोणते चालवायचे ते एकदा ठरवून सर्वत्र तेच ठेवावे.

राहिली गोष्ट नव्याने नाव ठेवणाऱ्यांची. पूर्वजाचे नाव पुढे चालवावे ही इच्छा मनापासून असेल, तर तिला बारशाच्या रीतीतच जागा आहे. नाक्षत्रनाम, मासनाम, देवतानाम आणि व्यावहारिक नाव अशी चार नावे ठेवण्याची पद्धत आहे. त्यांपैकी एक आजोबांचे ठेवून रोजच्या वापराचे नाव बाळाच्या काळाला शोभेल असे निवडता येते. आईकडच्या आणि वडिलांकडच्या घरांत एकमत होत नसेल, तर जन्माची नोंद मात्र अडवून धरू नये. ती एकवीस दिवसांत करायची असते आणि नावाची जागा मोकळी ठेवूनही करता येते. नाव पुढे बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून चढवता येते.