उन्हाळ्यात उंदरांचा सर्व्हे करताय? मग या चुका टाळा

एप्रिल लागला की फोन सुरू होतात, ताई, ट्रॅपमध्ये काहीच येत नाहीये, काय करू. दरवर्षी नवीन पोरं आणि चुका मात्र त्याच. विदर्भातल्या वावरांत आणि धुऱ्यांवर उंदीर मोजत बरेच उन्हाळे काढलेत मी, त्यामुळे थोडं तिखट लिहितेय, राग मानू नका.

पहिली चूक आणि माझा सगळ्यात जास्त जीव जाळणारी, ट्रॅप उशिरा उचलणं. शेरमन ट्रॅप म्हणजे उंदीर जिवंत पकडायचा ॲल्युमिनियमचा घडीचा डबा, मे महिन्यात त्याच्यावर ऊन आलं की त्याचा तवा होतो. चंद्रपूर जिल्ह्यात काम चालू होतं, साठ ट्रॅप, चार ओळी. सोबत एक नवीन पोरगा, हुशार पण भारी घाईचा. त्याने तीन ओळी उचलल्या आणि म्हणाला, चौथीवर बाभळीची सावली आहे, चहा पिऊन जातो. सावली होती, पण सकाळी सहाची! आम्ही नऊला पोचलो तोवर ती पार पलीकडच्या वावरात गेलेली. डब्याला हात लावला तर चटका. तीन डब्यांची दारं पडलेली, दोघांत उंदीर मेलेले आणि तिसऱ्यात मऊ केसांचा शेतउंदीर जिवंत, पण हनुवटीपासून पोटापर्यंत ओलाचिंब. पोरगा म्हणतो, दव पडलं असेल. मे महिन्यात, चंद्रपुरात, दव!

ती लाळ असते. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकूनही त्याचं भागत नाही, मग शेवटचा उपाय म्हणून तो अंगाला लाळ फासतो, ती वाळताना तेवढाच गारवा. म्हणजे छाती ओली दिसली की समजायचं, गडी अंगातलं उरलंसुरलं पाणी खर्च करतोय. त्याला सावलीत नेलं, शेपटीला आणि पायांना साध्या पाण्याचा हात लावला, बर्फाचं पाणी अजिबात नाही. शेपूट जवळजवळ उघडी असते, उष्णता बाहेर टाकायची त्याची मुख्य जागा तीच. अर्ध्या तासाने तो उठून पऱ्हाट्यांच्या ढिगात पळाला. पोरगा त्या दिवशी जेवला नाही, आणि मीही समजूत काढायला गेले नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी की मे महिन्यात ट्रॅप रात्री नऊनंतर उघडायचे, पहाटे चारला एक फेरी, आणि उजाडायच्या आत सगळे बंद. डब्यावर तणसाचा जाड थर, आत आमिषासोबत काकडीची फोड. झोप होत नाही म्हणणाऱ्यांनी हिवाळ्यात यावं. मृगाच्या आधीची उमस असेल तर आणखी सांभाळून, कारण दमट हवेत लाळ वाळतच नाही. आणि दूध पाजणारी मादी सापडली तर वजनाबिजनाच्या भानगडीत न पडता आधी तिला सोडा, बिळात पिल्लं आहेत तिची.

दुसरी चूक कागदावरची. ट्रॅप रिकामे आले की लगेच रिपोर्टात "उष्णतेमुळे उंदरांची संख्या घटली". अरे बाबा, ते मेले नाहीत, त्यांनी वेळ बदललीय! तापलेली जमीन सूर्य बुडाल्यावरही कितीतरी वेळ गरम असते, मग संध्याकाळी हुंदडणारा प्राणी मध्यरात्रीनंतर निघतो, लांब जात नाही, झुडपाच्या कडेकडेनेच फिरतो. थरच्या वाळवंटातला जर्बिल नावाचा उंदीर तर दिवसा फिरणारा, तो उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ बाहेर पडतो आणि दुपारी बिळात. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात शंभरेक वर्षांपूर्वीच्या नोंदी घेऊन पुन्हा मोजणी झाली, त्याचा शोधनिबंध २०२१ मध्ये आला. पक्ष्यांच्या जाती बऱ्याच ठिकाणांहून गायब झालेल्या, पण छोटे सस्तन प्राणी बहुतेक टिकून, कारण बीळ आणि रात्र. त्यामुळे दोन रात्रींच्या रिकाम्या डब्यांवरून निष्कर्ष काढणाऱ्याला मी काही बोलत नाही, फक्त बघते. आणि पौर्णिमेची रात्र अमावस्येशी तोलू नका, चांदण्यात तसेही ते कमीच बाहेर येतात.

मोबाईलवरचं तापमान लिहून मोकळं होणं ही पण एक खोड. ते माणसाच्या उंचीवरचं, सावलीतलं. उंदीर जमिनीला चिकटून चालतो आणि उघडी कोरडी माती दुपारी ६० अंशांच्या वर जाऊ शकते. उलट हातभर खाली बिळात दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ लागतच नाही. दोन स्वस्त थर्मामीटर घ्या, एक मातीवर, एक बिळात, झालं.

बीळ मातीने बुजलेलं दिसलं की "रिकामं" लिहू नका. छोटी घूस आतून तोंड बंद करून बसते, त्याने आत ओल टिकते. आणि खात्री करायला म्हणून भरदुपारी फावड्याने उकरणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांना पुन्हा सोबत नेलं नाही.

जाता जाता घरच्या खारींचंही सांगते. गॅलरीत पाय पसरून पोटावर सपाट पडलेली खार आजारी नसते, गार फरशीला पोट टेकवून ती उष्णता काढतेय. जवळ गेलात की पळेल. उचलून तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत गेलं तर तीच मरेल. आडवी पडलीय, लाळ गळतेय, झोक जातोय, तरच खोक्यात घालून सावलीत ठेवा आणि माहितीच्या माणसाला फोन करा.

पाण्याचं भांडं ठेवताय तर उथळ ठेवा, आत एक दगड टाका. प्लॅस्टिकच्या बादलीत बुडालेल्या खारी काढायचा मला कंटाळा आलाय.