ल्युकेमियात (रक्ताच्या कर्करोगात) फुप्फुसाला बुरशी: या चुका टाळा

केमो होऊन दहा-बारा दिवस झालेत. रात्री अंग गरम लागतं, थर्मामीटर 38.4 अंश सेल्सिअस दाखवतो. घरचे पॅरासिटामॉल देतात, ताप उतरतो, सगळे निर्धास्त झोपतात. माझ्या मते सगळ्यांत महागात पडते ती हीच चूक. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500च्या खाली असताना ताप हा बऱ्याचदा संसर्गाचा, बुरशीचाही, एकुलता एक इशारा असतो आणि गोळीने तोच पुसला जातो. एकदा 38.3 भरला किंवा 38 तासभर टिकला, तर आधी वॉर्डला फोन करा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

‘कफ नाही, म्हणजे छाती साफ आहे’ हाही भ्रमच. पू आणि घट्ट कफ व्हायला पांढऱ्या पेशी लागतात. त्याच नसतील तर कफ येणार कुठून? कोरडा खोकला, श्वास घेताना एका बाजूला टोचणं, थुंकीत रक्ताची बारीक रेघ, एवढंच दिसतं. एक्स-रेवर विसंबू नका, तो सुरुवातीला चक्क नॉर्मल येतो. अँटिबायोटिक चालू असूनही चार-पाच दिवसांत ताप हटला नाही, तर छातीच्या सीटी स्कॅनबद्दल स्वतःहून विचारा.

गॅलॅक्टोमॅनन (बुरशीचा अंश शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आलं म्हणून बुरशी नाहीच, असंही नाही. ही तपासणी मुख्यतः ॲस्परजिलस ही बुरशी पकडते, म्युकर ही दुसरी बुरशी तिला दिसत नाही. व्होरिकोनॅझोल हे बुरशीचं औषधही म्युकरवर चालत नाही. तिथे लायपोसोमल अँफोटेरिसिन हे दुसरं औषध लागतं. त्यामुळे ‘बुरशीचं औषध चालू आहे ना’ या वाक्याने समाधान मानू नका, कोणतं ते विचारा.

गोळ्यांचा घोळ तर नेहमीचाच. व्होरिकोनॅझोलची गोळी जेवणाच्या तासभर आधी किंवा तासाभराने घ्यायची. पोसाकोनॅझोल या बुरशीवरच्याच दुसऱ्या औषधाचं पातळ रूप मात्र जेवणासोबत. ही औषधं व्हिनक्रिस्टिन या केमोच्या औषधाचा त्रास वाढवतात (मुंग्या, तीव्र बद्धकोष्ठता) आणि व्हेनेटोक्लॅक्स या ल्युकेमियाच्या गोळीचा डोस कमी करावा लागतो. म्हणून प्रत्येक डॉक्टरला सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा, अगदी काढे-चूर्णांसकट.

उपचाराच्या पहिल्या आठवड्यात सीटीवर डाग मोठा दिसला, तर लगेच औषध फसलं असं समजू नका. पांढऱ्या पेशी परतताना असं होतं. उलट खोकला थांबला म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. उपचार किमान सहा ते बारा आठवडे चालतो, आणि पुढची केमो असेल तर त्यानंतरही.

बुरशीचे कण धूळ-मातीतून येतात, म्हणून घरात फरशी-भिंतींची तोडफोड तेवढी पुढे ढकला आणि रुग्णाच्या खोलीतल्या कुंड्या बाहेर ठेवा.