वीटकाम आणि प्लास्टरचा माल कालवताना या चुका टाळा

घर बांधताना मालक सिमेंटचा ब्रँड विचारतो, सळईची बिलं जपून ठेवतो. पण घमेल्यातून गवंड्याकडे काय जातंय ते मात्र क्वचितच बघतो. वर्षभराने भिंतीवर भेगा दिसल्या की खापर सिमेंटवर. खरं तर सिमेंट बहुधा चांगलंच असतं. प्रमाण, वाळू, पाणी किंवा वेळ यांतलं काहीतरी हुकलेलं असतं.

यातली सर्वांत चिवट समजूत म्हणजे ‘सिमेंट वाढवलं की भिंत पक्की’. तसं होत नाही. सिमेंट जास्त पडलं की माल, म्हणजे सिमेंट-वाळू-पाण्याचं मिश्रण, सुकताना जास्त आकसतो आणि तडकतो. शिवाय सांध्यातला माल विटेपेक्षा कडक झाला तर पाया जरासा बसला तरी भेग सांधा सोडून थेट वीट चिरत जाते. सांध्यातली भेग दर्जा भरून, म्हणजे सांध्याचं तोंड मालाने बुजवून, मिटवता येते, चिरलेल्या विटा मात्र काढून बदलाव्या लागतात. म्हणून माल विटेपेक्षा थोडा नरमच हवा. नऊ इंची भिंतीला 1:6 (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) पुरतं, साडेचार इंची पडदीला 1:4. आतल्या प्लास्टरला 1:5 किंवा 1:6, जाडी 12 मिमी. स्लॅबच्या खालच्या बाजूला 1:4 चा पातळ, 6 मिमीचा थर. बाहेरून दोन थर मिळून 20 मिमी, 1:4 प्रमाणात. दर्जा भरायला 1:3.

आता हे प्रमाण मोजायचं कसं? इथेच गडबड होते. घमेल्याला माप नसतं. वाळूचं घमेलं कधी शिगोशीग, कधी अर्धं. 50 किलोच्या गोणीत साधारण 35 लिटर सिमेंट असतं, म्हणून 40 × 35 × 25 सेंमीचा लाकडी किंवा पत्र्याचा फर्मा करून घ्या. एका गोणीला सहा फर्मे वाळू म्हणजे 1:6. खर्च किरकोळ आहे, तरी किती साइटवर तो दिसत नाही! पावसाळ्यात आणखी एक मेख असते. ओलसर वाळू फुगते, 5-6 टक्के ओलीला तिचं आकारमान पाव पट किंवा त्याहूनही वाढतं. फर्मा भरलेला दिसतो, पण आत वाळू कमी असते. अशा वाळूला सहाऐवजी साडेसात फर्मे लागतात.

वाळूत माती किती आहे हे घरीच कळतं. काचेच्या सरळ बरणीत वाळू घ्या, मिठाचं पाणी घालून जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. खाली 10 सेंमी वाळू बसली आणि तिच्यावर 8 मिमीपेक्षा जाड मातीचा थर आला, तर ती गाडी परत पाठवा. खाडीची वाळू गोड्या पाण्याने नीट धुतली नसेल तर भिंतीला लोणा लागतो, म्हणजे पांढरे क्षार फुटतात, वर सळईही गंजते. क्रश सँडच्या (दगड फोडून केलेल्या वाळूच्या) नावाखाली क्रशरची डस्ट माथी मारली जाते, तिकडेही लक्ष ठेवा. बारीक भुकटी जास्त असली की पाणी जास्त लागतं आणि भेगा ठरलेल्याच. प्लास्टरला काँक्रीटची जाड क्रश सँड नको, चाळलेली प्लास्टर सँड मागा.

पाणी घातल्यापासून दोन तासांत माल संपवायचा. जेवणाच्या सुट्टीआधी कालवलेला ढीग सुट्टीनंतर घट्ट झालेला असतो. मग त्यावर बादलीभर पाणी ओतून फावड्याने परतला जातो. दिसायला तो मऊ होतो, पण तुटलेली पकड परत येत नाही. सकाळीच दिवसभराचा ‘कोरडा’ माल मिसळून ठेवणं हीसुद्धा तीच चूक, कारण वाळूतली ओलही सिमेंट आळायला पुरते.

प्लास्टर करणाऱ्या गवंड्याजवळ दहा मिनिटं उभे राहा. माल सैल झाला असेल तर थर ओघळू लागतो. मग गवंडी गोणीतून मूठभर कोरडं सिमेंट घेऊन ओल्या थरावर फासतो आणि वरून रंधा फिरवतो. पाणी शोषलं जातं, भिंत गुळगुळीत दिसते, सगळे खूश. पण वरचा तो पापुद्रा सिमेंटने इतका भरलेला असतो की आतल्या थरापेक्षा जास्त आकसतो. काही आठवड्यांत जाळीसारख्या बारीक भेगा उमटतात आणि पुट्टी पोपडे धरते. माल घट्ट ठेवा, जाड थर दोनदा मारा, हाच उपाय.

झालेलं काम तपासायला थापीची मूठ पुरते. भिंत ठोकल्यावर बद्द, पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. तळहाताएवढा भाग असेल आणि भेग नसेल तर सोडून द्या, मोठा असेल तर चौकोनी कापून, टाचे मारून (छिन्नीने खाचा पाडून), सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) लावून पुन्हा भरा. बीम-कॉलमवर टाचे न मारताच प्लास्टर केलं की हे हमखास होतं. बीम आणि विटांच्या जोडावर सरळ रेघेसारखी भेग दिसली तर तिथे कोंबडी जाळी मारलेली नाही असं समजा. ती जोडाच्या दोन्ही बाजूंना 15 सेंमी तरी हवी. हात फिरवल्यावर वाळू गळत असेल तर सिमेंट कमी पडलंय किंवा पाणी मारलेलं नाही. त्यावर पुट्टी ओढून उपयोग नाही, काढूनच टाकावं लागतं. प्लास्टरनंतर दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस पाणी मारा, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा. विदर्भातल्या एप्रिलमध्ये पश्चिमेच्या भिंतीला दिवसातून दोनदा मारून भागत नाही, ओलं गोणपाट टांगा.

लाल विटा बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायच्या. एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे) मात्र बुडवायचे नाहीत, वरून ओलसर केले की झालं. त्यांना सुमारे 3 मिमीच्या सांध्याचं ब्लॉक ॲडेसिव्ह बरं. जिप्सम प्लास्टर बाथरूममध्ये किंवा बाहेर वापरू नका.

जुना वाडा किंवा कोकणातलं जांभ्याचं घर दुरुस्त करताना सिमेंटचा मोह आवरा. किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्यांचे गोल चर आजही दिसतात. त्यात मळलेला चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. वरून सिमेंटने दर्जा भरल्या की ओल आत अडकते, क्षार मागे साचतात आणि सिमेंट शाबूत राहून जांभा किंवा वीटच झिजत जाते. तिथे जुन्या सांध्यातला सुटा माल काढून पुन्हा चुनाच भरा, आणि चुन्याचं काम येणारा गवंडी मिळेपर्यंत थांबा.